शिक्षक मतदारसंघ : संघटनेच्या पाठिंब्याचे मोल किती?

चंडीगडच्या सेक्टर ४३ मध्ये जिल्हा न्यायालयांचे संकुल आहे आणि आंतरराज्य बसस्थानकही आहे. तेथून काही किलोमीटर अंतरावर, सेक्टर १ मध्ये, ल कॉर्बुझिए यांनी आखलेल्या विधानभवनात पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांच्या विधानसभा भरतात. मात्र सेक्टर ४३ मध्ये राहणाऱ्या एखाद्या प्राध्यापकाला या दोन्हींपैकी एकाही सभागृहासाठी मतदान करता येत नाही. १ नोव्हेंबर १९६६ रोजी चंडीगड केंद्रशासित प्रदेश झाले. त्याला स्वतःची विधानसभा नाही. लोकसभेची एक जागा आणि महानगरपालिका, एवढेच तेथील मतदाराच्या वाट्याला येते.

पंजाबमध्ये एके काळी विधान परिषद होती आणि तिच्यात शिक्षकांचे प्रतिनिधीही होते. १ जानेवारी १९७० पासून ती परिषद बरखास्त झाली. हरियाणात ती कधी अस्तित्वातच आली नाही. त्यामुळे पंजाब विद्यापीठातील शिक्षक संघटनेने राज्य विधिमंडळाच्या निवडणुकीत अमुक उमेदवाराला पाठिंबा जाहीर केला, तरी चंडीगडमध्ये राहणाऱ्या तिच्या सभासदाला तो पाठिंबा मतपेटीत उतरवता येणार नाही. तेथील प्राध्यापकांची निवडणुकीची सारी हौस आणि चुरस विद्यापीठाच्या सिनेटपुरती उरते. सिनेटमधील पदवीधरांचा मतदारसंघ रद्द करणारी अधिसूचना केंद्र सरकारने २८ ऑक्टोबर २०२५ रोजी काढली, तेव्हा चंडीगडमध्ये मोठे आंदोलन उभे राहिले आणि नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. मत देण्याची एकच जागा शिल्लक असली म्हणजे ती किती जपली जाते, हे त्यावरून दिसले.

महाराष्ट्रातील प्राध्यापक आणि शिक्षक या बाबतीत उलट टोकाला उभे आहेत. त्यांना सर्वसामान्य मतदार म्हणून विधानसभेसाठी मत आहे. पदवीधर म्हणून विधान परिषदेसाठी दुसरे मत आहे. आणि शिक्षक म्हणून तिसरे मत आहे. राज्याच्या विधिमंडळासाठी एका व्यक्तीला तीन वेगवेगळ्या यादींत नाव नोंदवता यावे, असा मान अन्य कोणत्याही व्यवसायाला मिळालेला नाही. साहजिकच येथे शिक्षक संघटनेच्या पाठिंब्याला फार मोठे वजन असायला हवे. प्रत्यक्षात ते वजन गेल्या दोन दशकांत घटत गेले आहे. ते का घटले आणि अधूनमधून अचानक का वाढते, हे समजून घेण्यासाठी या निवडणुकीची रचना पाहावी लागते.

सात जागा, वेगळी यादी

राज्यघटनेच्या अनुच्छेद १७१ नुसार विधान परिषदेतील सुमारे एक द्वादशांश सदस्य पदवीधरांनी आणि तितकेच सदस्य शिक्षकांनी निवडून द्यावयाचे असतात. महाराष्ट्र विधान परिषदेत ७८ सदस्य आहेत. त्यांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांतून आणि ७ पदवीधर मतदारसंघांतून येतात. मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती आणि नागपूर हे ते सात विभाग. देशात आज केवळ सहा राज्यांत विधान परिषद आहे. उत्तर प्रदेश, बिहार, कर्नाटक, आंध्र प्रदेश, तेलंगणा आणि महाराष्ट्र ही ती राज्ये. म्हणजे देशातील बहुसंख्य राज्यांतील शिक्षकांची स्थिती या बाबतीत चंडीगडसारखीच आहे.

शिक्षक मतदारसंघात मत कोणाला, याविषयी लोकांत अनेक गैरसमज आहेत. माध्यमिक शाळेपेक्षा खालच्या दर्जाची नसलेल्या शिक्षणसंस्थेत, मागील सहा वर्षांपैकी किमान तीन वर्षे शिकवलेल्या आणि त्या विभागात सामान्यतः राहणाऱ्या शिक्षकाला हे मत मिळते. प्राथमिक शिक्षक यातून वगळले गेले आहेत. खेड्यापाड्यांत शाळा चालवणारा, जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सरकारची सर्व कामे करणारा हा मोठा वर्ग शिक्षक मतदारसंघात शिक्षक म्हणून गणला जात नाही, ही विसंगती अनेकदा मांडली गेली, पण ती दूर झालेली नाही.

दुसरी विसंगती उमेदवाराच्या बाबतीत आहे. मतदार शिक्षक असावा लागतो, उमेदवार मात्र शिक्षक असण्याची अट नाही. तमिळनाडूतील एका पदवीधर मतदारसंघाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हा मुद्दा निकालात काढला. पदवीधरांच्या प्रतिनिधीने स्वतः पदवीधर असलेच पाहिजे असे घटना किंवा कायदा सांगत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. हाच तर्क शिक्षक मतदारसंघालाही लागू पडतो. त्यामुळे या जागेवर शिक्षक, निवृत्त मुख्याध्यापक, पत्रकार, संस्थाचालक किंवा पक्षाचा कार्यकर्ता, कोणीही उभा राहू शकतो आणि राहिलाही आहे.

नोंदणी हीच अर्धी निवडणूक

विधानसभेची मतदार यादी कायम असते, तिच्यात फक्त दुरुस्त्या होतात. शिक्षक मतदारसंघाची यादी प्रत्येक निवडणुकीपूर्वी नव्याने करावी लागते. सहा वर्षांपूर्वी मतदान केलेल्या शिक्षकालाही पुन्हा नमुना क्रमांक १९ भरावा लागतो. त्यासाठी १ नोव्हेंबर ही पात्रतेची तारीख धरली जाते. अर्जासोबत, आपण या संस्थेत इतकी वर्षे शिकवत आहोत, असे संस्थाप्रमुखाचे प्रमाणपत्र जोडावे लागते.

हे प्रमाणपत्र वरवर पाहता किरकोळ कागद वाटतो. पण या निवडणुकीची किल्ली त्यातच आहे. जो उमेदवार मतदानाच्या वर्षभर आधी शाळाशाळांतून अर्ज भरून घेतो, तो अर्धी लढाई जिंकतो. पूर्वी हे काम संघटनेचे तालुका प्रतिनिधी करीत. शाळा सुटल्यावर सायकलने किंवा एसटीने दुसऱ्या गावच्या शाळेत जाऊन, शिक्षक खोलीत बसून, अर्ज गोळा करणारे मास्तर हा संघटनेचा खरा कणा होता. संघटनेचा पाठिंबा म्हणजे केवळ पत्रक नव्हे, तर हे मनुष्यबळ होते. उमेदवारालाही ते ठाऊक असे.

पुढे शिक्षणसंस्थांचा विस्तार झाला. एकेका संस्थेच्या शाळा, कनिष्ठ महाविद्यालये, अध्यापक विद्यालये, अभियांत्रिकी महाविद्यालये अनेक तालुक्यांत पसरली. संस्थेच्या कार्यालयातून निरोप गेला, तर एका दिवसात शेकडो अर्ज भरून येऊ शकतात, कारण प्रमाणपत्र देणारा मुख्याध्यापक किंवा प्राचार्य त्याच संस्थेचा नोकर असतो. विनाअनुदानित शाळेतील शिक्षकाची नोकरी तर सर्वस्वी संस्थेच्या मर्जीवर अवलंबून असते. ज्याच्याविरुद्ध दाद मागायची, तोच मतदार म्हणून आपली नोंद करून देणारा, अशी ही अवघड जागा आहे. संस्थाचालक स्वतः किंवा त्यांच्या जवळची माणसे शिक्षक मतदारसंघात उभी राहू लागली, त्यामागे हे कारण आहे.

मतपत्रिकेवर चिन्ह नाही

या निवडणुकीत मतदान यंत्र नसते. मतपत्रिकेवर उमेदवाराचे नाव, पक्षाचा उल्लेख आणि छायाचित्र असते, परंतु निवडणूक चिन्ह नसते. मतदाराने नावासमोर १, २, ३ अशा आकड्यांनी पसंतीक्रम लिहायचा असतो, आणि तोही मतदान केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच. 'एक' असे अक्षरी लिहिले, बरोबरची खूण केली किंवा सही केली, तर मत बाद ठरते. आयुष्यभर विद्यार्थ्यांना 'सूचना नीट वाचा' असे बजावणाऱ्या मतदारांचीही शेकडो मते दर वेळी बाद होतात, हा या निवडणुकीतील नित्याचा विनोद आहे.

चिन्ह नसल्यामुळे नाव लक्षात राहणे महत्त्वाचे ठरते, आणि म्हणून संघटनेने 'आमचा अधिकृत उमेदवार' म्हणून नाव सांगण्याला अर्थ येतो. त्याचा गैरफायदाही घेतला जातो. २०२४ मध्ये नाशिक विभागात मुख्य उमेदवारांशी नाव जुळणाऱ्या व्यक्तींच्या अर्जांवरून वाद झाला होता.

एका जागेसाठी निवडणूक असेल, तर वैध मतांच्या निम्म्यापेक्षा एक अधिक एवढा कोटा गाठावा लागतो. तो पहिल्या पसंतीत कोणीही गाठला नाही, तर सर्वांत कमी मते असलेला उमेदवार बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीनुसार इतरांकडे जातात. समजा, १००० वैध मते आहेत. कोटा ५०१ चा झाला. पहिल्या उमेदवाराला ४२०, दुसऱ्याला ३८० आणि तिसऱ्याला २०० मते पडली. तिसरा बाद झाला. त्याच्या २०० मतपत्रिकांपैकी १३० वर दुसऱ्याला, ४० वर पहिल्याला पुढची पसंती आहे आणि ३० मतदारांनी पुढे काहीच लिहिलेले नाही. आता पहिल्याकडे ४६० आणि दुसऱ्याकडे ५१० मते झाली. सुरुवातीला मागे असलेला दुसरा उमेदवार विजयी होतो.

म्हणजे स्वतःचा उमेदवार निवडून आणण्याची ताकद नसलेली लहान संघटनासुद्धा निकाल ठरवू शकते. तिने आपल्या सभासदांना दुसरी पसंती कोणाला द्यायला सांगितले, यावर सारे अवलंबून असते. पण बहुतेक संघटना नेमकी उलट सूचना देतात. 'फक्त १ लिहा, दुसरे काही लिहू नका', असा प्रचार होतो. आपला उमेदवार बाद झाल्यावर आपल्या मताचे काय होणार, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. वरच्या उदाहरणातील त्या ३० मतपत्रिका निकालाला काहीही न देता बाजूला पडल्या, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

अमरावती विभागात डिसेंबर २०२० मध्ये वीसहून अधिक उमेदवार होते. फेऱ्यांमागून फेऱ्या होऊन मतमोजणी दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली. अखेरीस वाशिमचे संस्थाचालक किरण सरनाईक अपक्ष म्हणून निवडून आले आणि शिवसेनेचे तत्कालीन आमदार श्रीकांत देशपांडे पराभूत झाले.

संघटना आणि पक्ष

महाराष्ट्रातील शिक्षक संघटनांचे जाळे दाट आहे. विदर्भात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघ, मराठवाड्यात मराठवाडा शिक्षक संघ, पश्चिम आणि उत्तर महाराष्ट्रात टीचर्स डेमोक्रॅटिक फ्रंट म्हणजे टीडीएफ, भाजपच्या विचारसरणीला जवळची शिक्षक परिषद, मुंबईत वाढलेली शिक्षक भारती अशी नावे शिक्षक खोलीत सहज कानावर पडतात. कनिष्ठ महाविद्यालयांची आणि वरिष्ठ महाविद्यालयांची संघटना वेगळी. विद्यापीठनिहाय प्राध्यापक संघटनांचा महासंघ एमफुक्टो या नावाने ओळखला जातो.

एके काळी संघटना उमेदवार ठरवी आणि पक्ष त्याला पाठिंबा देत. नागपूर विभागात विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे विश्वनाथ डायगव्हाणे यांनी प्रतिनिधित्व केले. त्यांच्यानंतर शिक्षक परिषदेचे नागो गाणार भाजपच्या पाठिंब्यावर दोन वेळा निवडून आले. मुंबईत शिक्षक परिषदेच्या संजीवनी रायकर यांच्यानंतर २००६ मध्ये शिक्षक भारतीचे कपिल पाटील निवडून आले आणि पुढे २०१२ व २०१८ मध्येही त्यांनी जागा राखली. पाटील हे व्यवसायाने पत्रकार. शिक्षक नसलेल्या माणसाने शिक्षकांच्या संघटनेच्या बळावर तीन वेळा निवडून येणे, हा पाठिंब्याच्या ताकदीचा बहुधा सर्वांत ठळक दाखला म्हणता येईल.

पाठिंबा फुटला की काय होते, याचा दाखला कोकणाने दिला. तेथे शिक्षक परिषदेचे रामनाथ मोते आमदार होते. २०१७ च्या निवडणुकीत परिषदेने त्यांना बाजूला ठेवून वेणुनाथ कडू यांना अधिकृत उमेदवार केले. मोते अपक्ष उभे राहिले. संघटना तीच, सभासद तेच, आणि शिक्षकांपुढे दोन नावे. दोघेही हरले आणि शेतकरी कामगार पक्षाचे बाळाराम पाटील निवडून आले. त्या वेळी शिवसेनेकडून लढून पराभूत झालेले ज्ञानेश्वर म्हात्रे २०२३ मध्ये भाजपचे उमेदवार म्हणून त्याच मतदारसंघातून मोठ्या फरकाने विजयी झाले. या सहा वर्षांत उमेदवार निवडण्याचा अधिकार संघटनेच्या बैठकीतून पक्षाच्या कार्यालयात कसा गेला, हे या एका मतदारसंघावरून समजते.

नाशिकमध्येही टीडीएफचे नाव सांगणारे एकाहून अधिक गट झाले आणि २०१८ मध्ये शिवसेनेचे किशोर दराडे निवडून आले. २०२४ मध्ये त्यांनी जागा राखली. त्या निवडणुकीत शिक्षकांना पैठणी, सफारीचे कापड आणि नथ वाटल्याचे आरोप झाले. आरोप खरे की खोटे, हा तपासाचा भाग. परंतु शिक्षकाच्या मताला असा भाव लावता येतो असे कोणाला वाटावे, याची खंत अनेक शिक्षकांनी तेव्हा जाहीरपणे व्यक्त केली होती. मुंबईत त्याच वर्षी शिक्षक भारतीचे सुभाष मोरे पराभूत होऊन शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे) पक्षाचे ज. मो. अभ्यंकर विजयी झाले.

प्राध्यापकांची वाट वेगळी

महाविद्यालयीन प्राध्यापकांनाही शिक्षक मतदारसंघात मत आहे, पण शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालयांच्या शिक्षकांपुढे त्यांची संख्या कमी पडते. म्हणून त्यांच्या संघटनांनी पदवीधर मतदारसंघाकडे अधिक लक्ष दिले. फर्ग्युसन महाविद्यालयात इंग्रजी शिकवणारे ग. प्र. प्रधान पुणे पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षे सभागृहात होते, पण ते मुळात समाजवादी चळवळीचे नेते होते. प्राध्यापक संघटनेने आपल्या बळावर सभागृहात पाठवलेले नाव घ्यायचे, तर ते अमरावतीच्या बी. टी. देशमुख यांचे घ्यावे लागेल.

नागपूर विद्यापीठ शिक्षक संघ म्हणजे 'नुटा' या संघटनेचे ते नेते. अमरावती पदवीधर मतदारसंघातून सुमारे तीन दशके ते निवडून येत राहिले. नियमांची पुस्तके तोंडपाठ असलेला आमदार अशी त्यांची ख्याती होती. विदर्भाच्या विकासाच्या अनुशेषाचा प्रश्न त्यांनी आकडेवारीसह सभागृहात लावून धरला. संघटनेचे वार्तापत्र, विद्यापीठाच्या प्राधिकरणांतील सभासद आणि विधान परिषदेतील आमदार हे तिन्ही एकाच कामाला जुंपलेले होते. सेवाशर्तींचा एखादा शासन निर्णय निघाला, की त्यातील त्रुटी संघटनेला कळे आणि पुढच्या अधिवेशनात तिच्यावर प्रश्न विचारला जाई. पुढे भाजपचे डॉ. रणजित पाटील यांनी ती जागा जिंकली.

त्यानंतरची एक घटना येथे आठवते. ४ फेब्रुवारी ते १० मे २०१३ या काळात एमफुक्टोने विद्यापीठ परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला. १९ सप्टेंबर १९९१ ते ३ एप्रिल २००० या कालावधीत नेट-सेट उत्तीर्ण नसताना नेमल्या गेलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी हे मुख्य विषय होते. तीन महिन्यांहून अधिक काळ तिढा सुटला नाही. शेवटी उच्च न्यायालयाच्या हस्तक्षेपानंतर बहिष्कार मागे घेतला गेला. बहिष्काराच्या काळातील वेतन रोखले गेले आणि त्याचा वाद पुढे अनेक वर्षे न्यायालयात चालला. सभागृहात संघटनेचा स्वतःचा माणूस असता तर हे टळले असते, असे म्हणणे धाडसाचे होईल. मात्र ज्या प्रश्नाची सुरुवात एका शासन निर्णयाच्या शब्दांतून झाली, त्याची उकल सभागृहाऐवजी न्यायालयात शोधावी लागली, हे खरे.

पैसा कोठून आणि किती

संघटनेने निवडणुकीत उतरावे की नाही, यावर सभासदांतच मतभेद असतात. आपली वर्गणी दुसऱ्या पक्षाच्या उमेदवारावर खर्च व्हावी, हे कोणाला आवडेल? १९२६ च्या कामगार संघटना अधिनियमाने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी दिले होते. २०२५ मध्ये तो कायदा रद्द होईपर्यंत, त्याच्या कलम १६ नुसार नोंदणीकृत कामगार संघटनेला विधिमंडळाच्या उमेदवाराचा खर्च करायचा असेल, तर त्यासाठी स्वतंत्र राजकीय निधी उभारावा लागे. त्यात वर्गणी देण्याची सक्ती करता येत नसे, आणि न देणाऱ्या सभासदाला संघटनेच्या कोणत्याही लाभापासून वंचित ठेवता येत नसे. शिक्षकांना हा कायदा नेमका कितपत लागू होता, हा मात्र वेगळा प्रश्न. गोव्यातील एका शाळेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा 'कामगार' नाही, असा निर्णय दिला होता. अनेक शिक्षक संघटना कामगार संघटना म्हणून नव्हे, तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदवलेल्या आहेत. त्यांच्यावर राजकीय निधी वेगळा ठेवण्याचे हे बंधन येत नव्हते.

अमेरिकेत ही बाब अधिक उघडपणे चालते. तेथे सार्वजनिक विद्यापीठांचा पैसा राज्य विधिमंडळाच्या अर्थसंकल्पातून येतो. म्हणून कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीतील प्राध्यापकांची कॅलिफोर्निया फॅकल्टी असोसिएशन ही संघटना राज्य विधिमंडळाच्या उमेदवारांना निवडणुकीत जाहीर पाठिंबा देते. तेथे शिक्षकांसाठी राखीव जागा नाही, स्वतंत्र मतदार यादी नाही. सर्वसामान्य मतदारसंघात जो उमेदवार विद्यापीठाच्या अनुदानाची बाजू घेईल, त्याच्यामागे संघटना उभी राहते. आपल्याकडे राखीव जागा असूनही उमेदवाराकडून अशा ठोस प्रश्नांवर लेखी बांधिलकी घेण्याची पद्धत फारशी रुजली नाही. 'आपला माणूस' एवढीच कसोटी पुरेशी मानली गेली.

महाराष्ट्रातील सरकारी कर्मचाऱ्यांना १९७९ च्या वर्तणूक नियमांमुळे राजकारणात भाग घेता येत नाही. शिक्षक मतदारसंघातील संघटना मुख्यतः खासगी अनुदानित शाळा-महाविद्यालयांच्या शिक्षकांच्या आहेत. त्यांचा पगार शासन देते, पण नेमणूक संस्था करते. या दुहेरी स्थितीमुळेच त्यांना निवडणुकीच्या मैदानात मोकळेपणाने उतरता येते आणि उतरावेही लागते.

पेन्शनचा प्रश्न आणि नागपूरचा निकाल

पक्षांचा जोर वाढल्यावर संघटनांचे दिवस संपले, असे मानले जाऊ लागले असतानाच २०२३ मध्ये नागपूरचा निकाल आला. त्यामागे निवृत्तिवेतनाचा प्रश्न होता. १ नोव्हेंबर २००५ किंवा त्यानंतर नेमलेल्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्रात जुनी पेन्शन मिळत नाही. शिक्षकांच्या बाबतीत त्यात आणखी एक गाठ आहे. जे शिक्षक या तारखेपूर्वी नोकरीला लागले, पण ज्यांच्या शाळेला १०० टक्के अनुदान नंतर मिळाले, त्यांनाही जुन्या योजनेचा लाभ नाकारला गेला. वीस-वीस वर्षे अपुऱ्या पगारावर किंवा पगाराविना शिकवलेल्या माणसाला निवृत्तीनंतरही काही नाही, अशी ही अवस्था आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात तत्कालीन उपमुख्यमंत्री आणि अर्थमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जुनी पेन्शन योजना लागू करणार नसल्याचे सांगितले. तिचा भार राज्याला पेलणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. ३० जानेवारी २०२३ रोजी शिक्षक मतदारसंघांचे मतदान झाले. नागपुरात महाविकास आघाडीत उमेदवारीवरून आधी गोंधळ होता. शिवसेनेने जाहीर केलेल्या उमेदवाराने माघार घेतल्यावर आघाडीने विदर्भ माध्यमिक शिक्षक संघाचे सुधाकर अडबाले यांच्यामागे उभे राहण्याचे ठरवले. येथे क्रम लक्षात घ्यावा. संघटनेने उमेदवार आधी ठरवला होता, पक्ष नंतर आले. अडबाले यांना सोळा हजारांहून अधिक मते मिळाली आणि भाजपचा पाठिंबा असलेले नागो गाणार त्यांच्या जवळपास निम्म्या मतांवर थांबले.

त्याच दिवशी औरंगाबाद विभागात राष्ट्रवादी काँग्रेसचे विक्रम काळे पुन्हा निवडून आले. पण तेथेही मराठवाडा शिक्षक संघाचे सूर्यकांत विश्वासराव यांनी कोणत्याही मोठ्या पक्षाच्या आधाराविना भाजपच्या उमेदवाराशी जवळजवळ बरोबरी करणारी मते घेतली. या निकालांनंतर दीड महिन्याने, १४ मार्च २०२३ रोजी राज्यातील सरकारी कर्मचारी आणि शिक्षक जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले. तो संप २० मार्चपर्यंत चालला.

या दोन विभागांच्या निकालांतून एक बाब निश्चित दिसते. प्रश्न सर्वांचा आणि पोटाचा असला, तर शिक्षक संस्थाचालकाचा निरोप बाजूला ठेवून संघटनेचा शब्द मानतो. प्रश्न विखुरलेले असले, म्हणजे अनुदानितांचा एक, विनाअनुदानितांचा दुसरा, कनिष्ठ महाविद्यालयाचा तिसरा, तर पाठिंब्याचे पत्रक शिक्षक खोलीतील फलकावरच राहते.

विनाअनुदानितांचा प्रश्न तर पाठिंब्याच्या राजकारणात सर्वांत उपेक्षित राहिला. शाळांच्या परवानगीतील 'कायम विनाअनुदानित' या शब्दांतील 'कायम' हा शब्द २००९ मध्ये काढण्यात आला. प्रत्यक्षात २० टक्के अनुदान मिळायला २०१६ साल उजाडले. पुढचे टप्पे मिळवण्यासाठी शिक्षकांना मुंबईच्या आझाद मैदानावर पुन्हा पुन्हा बसावे लागले, अगदी जुलै २०२५ च्या पावसातही. प्रत्येक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराच्या जाहीरनाम्यात हा विषय असतो. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांची स्थितीही फारशी निराळी नाही. तासांच्या हिशेबाने मानधन, सुट्टीच्या महिन्यांत काहीच नाही, आणि पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत. सहापैकी तीन वर्षे अध्यापन केल्याचा पुरावा जमवणे हीच त्यांच्यासाठी मोठी अडचण ठरते. ज्यांना आमदाराची गरज सर्वाधिक, त्यांचेच नाव यादीत नसण्याची शक्यता सर्वाधिक.

डिसेंबर २०२० मध्ये पुणे आणि अमरावती शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेल्या सदस्यांची सहा वर्षांची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. पुण्यात त्या वेळी काँग्रेसचे जयंत आसगावकर यांनी तत्कालीन अपक्ष आमदार दत्तात्रय सावंत यांचा पराभव केला होता. या दोन्ही जागांसाठी २०२० ची यादी उपयोगी पडत नाही. त्या वर्षी मतदान केलेल्या शिक्षकालाही पुन्हा नमुना १९ भरून, संस्थाप्रमुखाची सही घेऊन, नाव नोंदवावे लागते.